सातव्या दिवसाचं वजन

शनिवारी सकाळी मी टेस्ट रूमचं कुलूप काढलं, लसूणघासाची टोपली खाली ठेवली आणि एकच शीळ ऐकू आली. यायला हव्या होत्या दोन. गिनी पिग हे जनावर खाण्याच्या बाबतीत भलतंच उतावीळ. टोपली नुसती सरकवली तरी शिट्ट्या मारून खोली डोक्यावर घेतं. उजव्या पिंजऱ्यातली गिनी जाळीला तोंड लावून ओरडत होती. डाव्या पिंजऱ्यातली कोपऱ्यात बसून होती, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून. कालचा खुराक तसाच पडला होता.

मी तिला उचललं. पोट घट्ट लागत होतं, नाक जरासं ओलं. काट्यावर ठेवली तर दोनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. बुधवारी ती तीनशे बारा होती. तीन दिवसांत चोवीस ग्रॅम म्हणजे एवढ्याशा जिवाला फार झाले. हिच्या कपाळावर केसांचा भोवरा होता, म्हणून मी तिला भोवरी म्हणायची. अर्थात मनातल्या मनात. जनावरांना नावं द्यायची नाहीत, असा आमच्याकडे कडक दंडक होता.

ही शहाऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका माळावर लसी बनवणारी आमची कंपनी होती. तिचं नाव सांगत नाही, ती कधीच बंद पडली. मी तिथं प्राणिगृहात कामाला होते. पहिली अकरा वर्षं मी ब्रीडिंगला काढली, म्हणजे पिल्लं वाढवायच्या खोलीत. तिथं माझ्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडायचं. गिनी एकदा आजारी पडून खायची थांबली की दोन दिवसांत मरते, आजाराने नाही तर उपाशी राहून. तिचं आतडं सारखं चालू राहावं लागतं. थांबलं की संपलं. अशी थांबलेली जनावरं माझ्याकडे आणून द्यायचे आणि मी ती खाती करायची. आदल्या थंडीत खोकल्याची साथ आली तेव्हा चाळीसेक मी एकटीने वाचवली. भोवरीची आई मात्र अलीकडेच बाळंतपणात गेली होती. भोवरीला पहिल्या दिवसापासून ड्रॉपरने दूध पाजून मीच वाढवलं होतं.

मग टेस्ट रूमचा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मला पाठवलं. पंधराच दिवस झाले होते. काम अगदी सोपं. लसीची नवी बॅच तयार झाली की तिचं इंजेक्शन दोन गिनींच्या पोटात द्यायचं आणि सात दिवस त्यांना बघायचं. इंजेक्शनच्या दिवशी वजन, त्यानंतर सातव्या दिवशी वजन. मधल्या दिवसांत रोज पिंजऱ्यावरच्या कार्डावर खूण करायची, खाणं बरोबर की नाही, चालणं बरोबर की नाही. सातव्या दिवशी जनावर धडधाकट असलं आणि आधीच्या वजनापेक्षा हलकं नसलं, की बॅच पास. अशी जनावरं आमच्याकडे परत ब्रीडिंगला जायची आणि तिथं आयुष्यभर खाऊन-पिऊन राहायची. एखाद्याने खाणं सोडलं तर कार्डावर तसं लिहायचं. मग डॉक्टर येऊन त्याला टेबलावर घेत, मारून, पोट फाडून बघत आणि टेस्ट पुन्हा लावत. दारावर टाइप केलेला कागद होता: ठरलेल्या खुराकाशिवाय काहीही देऊ नये, हाताने भरवू नये.

तो कागद लिहिणाऱ्याने कधी एक तरी पिल्लू वाढवलंय का, असं मला तेव्हा वाटायचं.

खोलीच्या झडपेची एक काच फुटली होती आणि माळावरचा गार वारा थेट डाव्या पिंजऱ्यावर येत होता. मी एका मिनिटात निदान करून टाकलं. हवा लागली. आदल्या थंडीतलंच दुखणं, त्याचा इंजेक्शनशी काही संबंध नाही. अकरा वर्षांचा अनुभव होता ना माझा.

अकरा वाजता डॉक्टर उकिडवे आले. पंचवीस-सव्वीस वर्षांचे पशुवैद्य, नाकासमोर चालणारे, आमच्याशी अहो-जाहो करणारे. मी त्यांना काच दाखवली. आजच सुतार पाठवतो म्हणाले आणि पाठवलाही.

"जनावरं ठीक आहेत ना, इंदूबाई?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"ठीक आहेत, सर," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी कार्ड हातात घेतलं आणि 'खाणं' या रकान्यात बरोबरची खूण केली. भोवरीला टेबलावर जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. हातात चार दिवस होते.

दुपारच्या सुट्टीत मी ब्रीडिंगच्या खोलीत जाऊन सुकवलेल्या खुराकाचा चुरा, मूठभर लसूणघास आणि दोन-चार निरोगी गिनींच्या ताज्या लेंड्या घेऊन आले. किळस वाटली तर वाटू द्या, पण थांबलेलं आतडं चालू करायला त्याच्यासारखं औषध नाही. सगळं गरम पाण्यात वाटून पेज केली, फडक्यातून गाळली आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरली. भोवरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. पहिल्यांदा तिने सगळं बाहेर काढलं. मी पुन्हा दिलं. थेंब, थांब, थेंब, थांब. अर्ध्या तासात चहाच्या चमच्याएवढं पोटात गेलं असेल. मग बोटाने पोट चोळत बसले, गोल गोल, हलक्या हाताने, आतला वारा सुटेपर्यंत. दर दोन तासांनी हेच.

रविवारी सुट्टी असून मी गेले. घरी सांगितलं की जादा काम आहे. जाताना डब्यात आवळ्याचा रस नेला, कारण गिनीला आंबट मिळालं नाही तर तिच्या हिरड्या दुखतात आणि मग भूक असली तरी ती चावत नाही. सोमवारी सकाळी वजन दोनशे एक्क्याऐंशीवर आलं आणि माझा धीर सुटला. त्या दिवशी मी जेवले नाही. कार्डावर खूण मात्र केली.

मंगळवारी कोथिंबिरीची जुडी पदराखाली लपवून नेली. एक काडी तिच्या नाकासमोर धरली. तिने वास घेतला, तोंड फिरवलं. मी काडी बोटांत चुरगळून पुन्हा धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिने मान पुढे केली आणि कुरतडायला लागली. दातांचा तो बारीक आवाज ऐकून माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने सबंध काडी खाल्ली, मग दुसरी. दुपारी लेंड्या दिसल्या. मी त्या मोजल्या, अठरा होत्या. नातू झाल्यासारखी मी दिवसभर खुशीत होते.

बुधवार हा सातवा दिवस. डॉक्टर दहाला वजन करणार होते, मी साडेआठला हजर. भोवरी शीळ घालत होती. काट्यावर तीनशे पाच. सात ग्रॅम कमी! सात ग्रॅम म्हणजे सहा बदाम.

मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. दोन मिनिटं केला. मग पेज केली, घट्ट, आणि दोन सिरिंज भरून तिला पाजल्या. आता ती आनंदाने खात होती. वर घास दिला. पाण्याची बाटली तोंडाला लावली. पावणेदहाला काटा तीनशे सोळा दाखवत होता.

डॉक्टरांनी आधी उजवीचं वजन केलं. ती मागच्या बुधवारी तीनशे पाच होती, आता तीनशे नऊ. म्हणजे तीही नेहमीसारखी वाढली नव्हती, त्या वयात आठवड्याला वीस-पंचवीस ग्रॅम सहज वाढतात. पण नियमात बसत होती. मग त्यांनी भोवरीला घेतलं. तिच्या हनुवटीवर हिरवा डाग होता.

"हे काय?"

"घास खाल्लाय सकाळी."

"खादाड दिसतीये," ते हसून म्हणाले. कार्ड वाचलं, सात खुणा बघितल्या आणि सही केली.

संध्याकाळी मी स्वतः भोवरीला ब्रीडिंगच्या खोलीत नेऊन सोडलं. तिथले हसनचाचा शिकलगार माझे गुरू. मी कामाला लागले तेव्हा जनावर कसं धरायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी भोवरीला तळहातावर तोललं, तिची पाठ चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

"इंदू, हिची हाडं लागत्यात. हिला तू काय दिलंस?"

"काही नाही, चाचा."

त्यांनी भोवरीला खाली घासावर ठेवलं. मी घरी गेले आणि पोरांना शिरा करून घातला.

पुढचे पाच आठवडे सुखाचे होते. भोवरी गुटगुटीत झाली. मी जाता-येता तिला बघून यायची.

मग फेब्रुवारीअखेर एका सोमवारी डॉक्टर उकिडवे टेस्ट रूममध्ये आले ते हातात कार्डं घेऊनच. एका आरोग्य केंद्रावर आमची त्रिगुणी लस दिलेली सात मुलं आजारी पडली होती. ताप, ग्लानी, खाणं-पिणं बंद. सातही तालुक्याच्या दवाखान्यात होती, अजून दगावलं कुणी नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं, बॅच आपल्याकडे पास झालेली आहे, तेव्हा बहुतेक तिथल्या नर्सने लस बर्फात ठेवली नसेल किंवा सुई उकळली नसेल. तिला घरी बसवलं होतं. तरी एकदा खात्री करायची म्हणून ते आले होते.

"हे कार्ड तुमच्या हातचं आहे. सातही दिवस दोन्ही जनावरं नीट खात होती?"

मला सगळं लख्ख समजलं. समजलं नव्हतं असं मी कुणाला कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. ताप, ग्लानी, खाणं बंद. तो शनिवारचा पिंजरा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"हो, सर. खात होती."

"नक्की?"

"मी स्वतः बघितलंय ना."

त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. ते गेले. मी स्वतःची समजूत घातली की नर्सचीच चूक असेल, हे लोक बर्फाच्या पेट्या उन्हात ठेवतात, ते सगळ्यांना माहीत आहे. उजवीकडची तर खात होती की. भोवरीला हवा लागली होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी हेच घोकत होते आणि भाकरीचा तुकडा गिळवत नव्हता.

हसनचाचा भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले होते, ते शुक्रवारी परत आले. त्यांना बातमी फाटकावरच कळली. ते सरळ माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"ती भोवऱ्याची," ते म्हणाले, "खात नव्हती. होय ना?"

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं, पेज, आवळा, कोथिंबीर, शेवटच्या दोन सिरिंजा, सोमवारचं खोटं.

ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"पोरी, ब्रीडिंगमधी जे पुण्य, ते हितं पाप. परीक्षा तिची नव्हती, औषधाची होती. तिनं उपाशी राहून सांगितलं, की ह्ये वंगाळ हाय. तेवढंच तिचं काम होतं. तिचं सांगणं तू पुसून टाकलंस."

"मला वाटलं हवा लागली."

"वाटलं असंल. मग सोमवारी काय वाटलं?"

डॉक्टर त्या दिवशी पुण्याला गेले होते. शनिवारी सकाळी ते यायच्या आधी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते फक्त म्हणाले, "सोमवारी विचारलं होतं मी तुम्हाला." आणि फोन उचलला.

दुपारपर्यंत सगळीकडे तारा गेल्या, बॅच वापरू नका. उरलेल्या बाटल्यांची टेस्ट पुन्हा लावली. दोन्ही गिनींनी तिसऱ्या दिवशी खाणं सोडलं. या वेळी कुणी हात लावला नाही आणि सहाव्या दिवशी दोन्ही मेल्या. मला कामावरून काढलं. उकिडव्यांची सही होती, म्हणून त्यांनाही. नर्सला परत घेतलं, असं ऐकलं. दवाखान्यातली सातही मुलं हळूहळू बरी होऊन घरी गेली.

पण खेड्यांवर लस टोचायचा वार गुरुवार असतो. मी सोमवारी खोटं बोलले आणि शनिवारी खरं बोलले, त्याच्या मधे तो एक गुरुवार आला. त्या गुरुवारी खडकसरी नावाच्या गावात याच बॅचची लस अकरा मुलांना दिली. दहा वाचली.

गाव आणि आईचं नाव मला हसनचाचांनी शोधून दिलं. मी मागितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ नको. गेलीस तर आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून जाशील." मी ऐकलं नाही. एप्रिलमध्ये एस.टी.ने गेले. गावाबाहेर कौलारू घर होतं, ओटीवर एक बाई शेंगा फोडत बसली होती. शालन तिचं नाव, असेल बावीस-तेवीस वर्षांची. मी कंपनीतून आले म्हटल्यावर तिने चटई टाकली आणि पाणी दिलं.

मुलगा दहा महिन्यांचा होता. तिनेच सांगितलं, न विचारता. सुई दिल्यावर ताप आला, तो येतोच म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून त्याने दूध सोडलं, पेज सोडली. दवाखाना लांब, नवरा ऊसतोडीला गेलेला. तिने तीन दिवस त्याला मांडीवर घेऊन भरवायचा प्रयत्न केला. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

मग मी माझं सांगितलं. सशाहून लहान जनावर असतं, त्याला आधी औषध टोचून बघतात, ते खायचं थांबलं तर औषध वाईट असं समजायचं. ते थांबलं होतं आणि मी ते लपवलं. त्याला चोरून भरवलं. नंतर विचारलं तेव्हाही खोटं बोलले. मी खाली बघूनच बोलत होते. ती मला मारेल, शिव्या देईल, माणसं गोळा करेल, अशा तयारीने मी गेले होते, आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही होती.

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

"मग ते जगलं?" तिने विचारलं.

"जगलं."

"अजिबात खाईना म्हनता, तरी जगलं?"

"हो."

"काय दिलंसा त्येला?"

मी वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मी काय करणार? सांगितलं. पेज किती पातळ करायची, किती वेळाने द्यायची, पोट कसं चोळायचं. तोंडाच्या बाजूने, गालात एकेक थेंब सोडायचा, सरळ घशात घालायचं नाही, नाहीतर श्वासात जातं. इथे तिने मला थांबवलं.

"सरळ न्हाई?"

"नाही."

"मी सरळच घालत व्हते," ती म्हणाली.

मी घाईघाईने सांगायला लागले की तसं नाही, जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं, मूल औषधाने गेलं, माझ्यामुळे गेलं, तुझ्या हाताने नाही. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. ती मान हलवत होती, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. ती उठून आत गेली आणि एक लहानसा पितळी चमचा घेऊन आली.

"ह्योच व्हता," ती माझ्यासमोर बसत म्हणाली. "बाजूनं म्हंजी कसं, दावा बरं."

आणि मी तो चमचा तिच्या हातातून घेऊन तिला दाखवलं.